हिरव्या भिंतींचे दुकान



व्यापाराचा इतिहास म्हटला म्हणजे गलबते, वखारी, पेढ्या आणि हुंड्या आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. गल्लीतल्या एखाद्या दुकानाला त्या इतिहासात जागा द्यावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु आपल्या न्हाणीघरातील फळीकडे एकवार पाहा. ज्या बाटल्यांवर पूर्वी एखाद्या नटीचे चित्र आणि गेलेले तारुण्य परत आणून देण्याचे अभिवचन असे, त्यांवर आता मध, कोरफड, बदाम, चहाचा पाला अशी नावे झळकतात, आणि खाली बारीक अक्षरांत प्राण्यांवर प्रयोग केले नसल्याची ग्वाही असते. हा पालट ज्या थोड्या व्यक्तींनी घडवून आणला, त्यांत अनिता रॉडिक या इंग्रज बाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांच्या 'बॉडी शॉप' या नावाची दुकाने मुंबई-पुण्यातही आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. मला आज बोलावयाचे आहे ते मुख्यतः त्यांच्या पहिल्या दुकानाविषयी, आणि त्या दुकानाने जो एक शब्द बाजारात चलनी केला त्या शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे 'नैसर्गिक'.

अनिताचा जन्म २३ ऑक्टोबर १९४२ रोजी ससेक्स परगण्यातील लिटलहॅम्प्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. घराणे मूळचे इटलीचे, इंग्लंडात येऊन स्थायिक झालेले, धंदा खाद्यगृहाचा. मुलांनीही तेथे हातभार लावावयाचा, अशी घरची रीत होती. ते दिवस महायुद्धाचे. साखर, कापड, इतकेच काय पण अंगाला लावावयाचा साबणसुद्धा शिधापत्रिकेवर मिळे. तिच्या आईची शिस्त अशी की काही टाकावयाचे नाही. बाटली धुवून पुन्हा भरावयाची. आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते. परंतु युद्ध संपल्यावर विलायतेत भरपूर वापरून भरपूर फेकून देण्याचे जे युग आले, त्यात ही सवय जुनाट ठरली होती. मुलीच्या अंगी मात्र ती मुरून राहिली.

पुढे अनिता बाथ येथील अध्यापक विद्यालयात शिकून शिक्षिका झाली. आमच्या पेशातील एक व्यक्ती पुढे व्यापारात गेली याचे मजसारख्या जुन्या शाळामास्तरास विशेष वाटते. कारण दुकान काढल्यावरही बाईंची शिकविण्याची खोड काही गेली नाही. शाळेनंतर त्यांनी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कचेरीत काही काळ काम केले, आणि साठलेल्या पैशांतून त्या प्रवासास निघाल्या. दक्षिण समुद्रातील ताहिती बेटावर त्यांनी पाहिले की तेथील स्त्रिया कोकोच्या बियांपासून काढलेले घट्ट लोणी अंगास चोळतात आणि उन्हातान्हात राहूनही त्यांची कातडी मऊ राहते.

हे कोकोचे लोणी म्हणजे काय, हे आपल्या कोकणातील मंडळींस चटकन समजेल. हिवाळ्यात टाचा फुटल्या की आपल्याकडे कोकमाचे मुठेल दिव्यावर धरून पातळ करतात आणि भेगांत भरतात; त्याच जातीचा हा पदार्थ. फरक इतकाच की कोकोचे लोणी अंगाच्या उष्णतेनेच, सुमारे ३४ अंश सेंटिग्रेडवर, वितळते. त्यास दिवा लागत नाही. कातडीतील ओल उडून जाऊ नये म्हणून वर एक पातळ पापुद्रा धरावयाचा, एवढेच त्याचे कार्य. यात गूढ असे काही नाही. बाईंच्या मनात प्रश्न आला तो असा की, जे काम बेटावरील स्त्री जवळजवळ फुकटात करून घेते, त्याकरिता इंग्लंडातील स्त्रीने सोनेरी झाकणाच्या डबीला एवढे पैसे का मोजावेत? आणि ते देखील, घ्यावयाचे तर मोठी डबीच घ्या, थोडेसे देणार नाही, असे ऐकून?

तथापि हा प्रश्न बरीच वर्षे मनातच राहिला. गॉर्डन रॉडिक या स्कॉटिश तरुणाशी त्यांचा विवाह झाला, दोन मुली झाल्या, आणि पतिपत्नींनी लिटलहॅम्प्टनला एक लहानसे वसतिगृह व एक उपाहारगृह चालविले. त्यात दोघेही थकून गेले. अशा वेळी गॉर्डनने बेत जाहीर केला की आपण दक्षिण अमेरिकेतील ब्वेनोस आयरेसपासून न्यूयॉर्कपर्यंत घोड्यावरून जाणार! आपल्या श्रोत्यांस हे चमत्कारिक वाटेल, मलाही वाटते. पण बाईंनी त्यास अडविले नाही. नवरा परतेपर्यंत दोन मुलींचे आणि आपले पोट कसे भरावयाचे, एवढाच सवाल त्यांच्यापुढे होता. म्हणून दुकान. जगाचा उद्धार करावा, पर्यावरण राखावे, यांपैकी कोणतेही ध्येय त्या वेळी समोर नव्हते, असे त्यांनी स्वतःच पुढे वारंवार सांगितले आहे. हा प्रांजळपणा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

भांडवलाची कथा तर बोधप्रद आहे. चार हजार पौंडांचे कर्ज मागावयास बाई पेढीच्या व्यवस्थापकाकडे गेल्या त्या साध्या सदऱ्यात, मुलींना बरोबर घेऊन आणि तोंडाने उत्साहाने सारी कल्पना सांगत. व्यवस्थापकाने नकार दिला. गॉर्डनने सल्ला दिला की पुन्हा जाऊ, पण आता नीट पोशाख करून आणि कागदपत्रे घेऊन. दोघे गेले. वसतिगृह तारण ठेवले आणि चार हजार पौंड मिळाले. बाई त्याच, कल्पना तीच, रक्कम तीच. फक्त शेजारी कोट घातलेला पुरुष होता. तारणाचे कागद त्यात होते हे खरे. तरीपण पहिल्या भेटीत ते कोणी मागितलेसुद्धा नाहीत, हेही विसरता येत नाही.

१९७६ च्या मार्च महिन्यात ब्रायटन शहरी, केन्झिंग्टन गार्डन्स नावाच्या अरुंद गल्लीत दुकान उघडले. भिंतींना ओल आली होती आणि बुरशीचे डाग पडले होते. ते झाकण्यासाठी सर्वत्र गडद हिरवा रंग फासला. हाच हिरवा रंग पुढे निसर्गप्रेमाची खूण म्हणून देशोदेशी ओळखला गेला! बाटल्या घ्यावयास पैसा पुरेना, तेव्हा रुग्णालयात मूत्रपरीक्षेसाठी ज्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरतात, त्या सर्वांत स्वस्त म्हणून आणल्या. त्याही पुरेशा नव्हत्या. म्हणून रिकामी बाटली परत आणा, पुन्हा भरून देऊ, असे गिऱ्हाइकांस सांगितले. चिठ्ठ्या हातांनी लिहिल्या. जिन्नस मोजकेच, फळ्या रिकाम्या दिसत. तेव्हा एकच जिन्नस पाच मापांच्या बाटल्यांत भरून मांडला. त्यामुळे थोडेसे घेऊन पाहण्याची सोय आपोआप झाली, आणि लोकांना नेमके तेच हवे होते.

माल बनवून देण्यास मोठे कारखानदार तयार होईनात. एवढीशी मागणी, आणि त्यात मध, ओट, समुद्रातले शेवाळ असल्या वस्तू! शेवटी एका वनौषधी जाणणाऱ्या माणसाकडून पहिले जिन्नस तयार करून घेतले. मार्क कॉन्स्टंटाइन या दुसऱ्या एका तरुण कारागिराने पुढे कित्येक वर्षे त्यांना माल पुरविला. 'लश' नावाची दुकाने काढणारा तो हाच. बाईंना साऱ्या हिशेबशास्त्रातील एकच सूत्र ठाऊक होते, ते गॉर्डनने जाताना सांगितलेले: आठवड्याला तीनशे पौंडांची विक्री झाली पाहिजे.

दुकानाच्या नावावरूनही गंमत झाली. इंग्रजीत 'बॉडी' म्हणजे देह, आणि प्रेतालाही तोच शब्द. शेजारी प्रेतसंस्काराची व्यवस्था करणाऱ्यांची दुकाने होती. आपल्या दाराशेजारी ही पाटी लागली तर दुःखी माणसे काय म्हणतील, अशी त्यांनी हरकत घेतली. बाईंनी ही बातमी गावच्या वर्तमानपत्रास कळविली, ती छापून आली आणि जाहिरातीवर एक पैसा न खर्चता गाव दुकान पाहावयास लोटला. रस्त्यावर स्ट्रॉबेरीच्या अर्काचे थेंब शिंपडीत दुकानापर्यंत सुगंधाची वाट आखावी, असलेही उपाय त्यांनी केले. त्या वर्षी इंग्लंडात कडक उन्हाळा पडला. माणसे उघड्या अंगाने हिंडू लागली, त्याचाही लाभ झाला. यातला मुद्दा असा की पुढे ज्या गोष्टींना तत्त्वांचे रूप आले, त्या आरंभी निव्वळ अडचणींतून जन्मल्या होत्या. गरिबीने जे करावयास लावले, त्याला समृद्धीने नाव दिले.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे येतो. आपल्या घरी दिवाळीस उटणे करतात. चंदन, कचोरा, वाळा, नागरमोथा, आंबेहळद यांची वस्त्रगाळ पूड. ती वर्षभर टिकते. का टिकते? कारण ती कोरडी असते. तेल किंवा दूध त्यात घालावयाचे ते अभ्यंगाच्या वेळी, हाताच्या तळव्यावर. पाणी आणि वनस्पतीचा अंश एकत्र करून ते महिनाभर फडताळात ठेवा, म्हणजे त्यावर बुरशी धरल्याशिवाय राहणार नाही. मलम अथवा दुधासारखे पातळ लेपन म्हणजे तेल व पाणी यांचे घुसळून एकजीव केलेले मिश्रण. ते फुटू नये म्हणून एक द्रव्य घालावे लागते, आणि नासू नये म्हणून दुसरे. घरात ताजे करून ताजे वापरणाऱ्या स्त्रीस ही दोन्ही लागत नाहीत. पण जी वस्तू दुकानात मांडावयाची, पेट्यांत भरून परगावी धाडावयाची, तिला ती लागतातच. म्हणून दुकान जसजसे मोठे होते, तसतसे हा शब्द पाळणे अवघड होत जाते. हा कोणाच्या नीतीचा प्रश्न नसून पाण्याच्या गुणधर्माचा आहे. नीतीचा प्रश्न उद्भवतो तो चिठ्ठीवर काय लिहावयाचे, येथे.

आणि दुकान मोठे झाले, तेही झपाट्याने. सहा महिन्यांतच बाईंना चिचेस्टर येथे दुसरे दुकान काढावयाचे होते. पेढीने यावेळी नकार दिला. तेव्हा इयन मॅक्ग्लिन या मोटारी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थाने चार हजार पौंड दिले आणि बदल्यात धंद्याचा निम्मा हिस्सा घेतला. गॉर्डनने परदेशातून कळविले की असे करू नकोस. पण पत्र पोहोचेपर्यंत व्यवहार झाला होता. पुढे तीस वर्षांनी मॅक्ग्लिनच्या उरलेल्या भागांचे तेरा कोटी पौंडांहून अधिक झाले. इतिहासात इतके स्वस्त सौदे विरळाच.

गॉर्डनची घोडदौड अर्ध्यावरच राहिली. परत आल्यावर त्याने युक्ती काढली की, आपण भांडवल घालावयाचे नाही. ज्यास दुकान काढावयाचे असेल त्याने आपल्या पैशाने काढावे, नाव आपले घ्यावे आणि माल आपल्याकडून न्यावा. असे दुकान काढणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, ही नोंद मुद्दाम केली पाहिजे. १९७८ साली ब्रुसेल्स येथे परदेशातील पहिले दुकान निघाले. १९८४ साली मंडळीचे भाग लंडनच्या बाजारात विक्रीस आले आणि रॉडिक पतिपत्नी एकाएकी श्रीमंत झाली.

मला बाईंविषयी आदर वाटतो तो येथून पुढच्या काही वर्षांसाठी. हाती पैसा आल्यावर त्यांनी दुकानाची काच फळ्यासारखी वापरली. १९८६ साली देवमाशांच्या रक्षणासाठी 'ग्रीनपीस' संस्थेबरोबर मोहीम काढली. आणि ती नुसती घोषणा नव्हती. प्रसाधनांत एका जातीच्या देवमाशाचे तेल वापरीत असत. वाळवंटात वाढणाऱ्या होहोबा नावाच्या झुडपाच्या बियांतून निघणारे तेल गुणाने त्याच्याशी पुष्कळ मिळतेजुळते आहे, हे त्यांनी गिऱ्हाइकांस समजावून दिले. मासा मारण्याचे कारणच उरत नाही, असा तो धडा. त्यानंतर त्यांनी दूरदूरच्या खेड्यांतून थेट माल घेण्यास आरंभ केला. तमिळनाडूत मदुरैजवळील तिरुमंगलम् येथून पाय रगडण्याची लाकडी लाटणी जाऊ लागली. आफ्रिकेतील घाना देशाच्या उत्तरेस तमाले गावाभोवतालच्या स्त्रिया शिया झाडाच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात हाताने फेसून लोणी काढतात. १९९४ पासून ते लोणी विकत घेतले जाऊ लागले. या स्त्रियांना भीक नको होती, गिऱ्हाईक हवे होते. आता, एकंदर विक्रीच्या मानाने हा व्यापार किती थोडा होता, असे टीकाकार विचारीत आणि ते विचारणे योग्यच होते. परंतु तमालेच्या बाजूने पाहिले तर थोडा नव्हता.

टीका मात्र तेवढ्यावर थांबली नाही. १९९४ साली जॉन एन्टाइन या अमेरिकन पत्रकाराने एक विस्तृत लेख लिहून बाईंच्या मंडळीवर चौफेर हल्ला केला. मालात कृत्रिम रंग, कृत्रिम सुगंध आणि खनिज तेलापासून काढलेली द्रव्ये आहेत. दानधर्माचा गाजावाजा अधिक आणि दान कमी आहे. आणि दुकानाची मूळ कथाच सोज्ज्वळ करून सांगितलेली आहे, असे त्याचे आरोप होते. मंडळीने ते जोराने फेटाळले. मालात नासू न देणारी व अन्य कृत्रिम द्रव्ये होती, हे तर कोणासही चिठ्ठी वाचून कळण्याजोगे होते. त्याचे कारण मी वर सांगितलेच आहे. मूळ कथेविषयीचा आरोप अधिक बोचरा होता. कॅलिफोर्नियातील बर्कली शहरी १९७० सालीच पेगी शॉर्ट आणि जेन सॉन्डर्स या दोन स्त्रियांनी याच नावाचे, साबण व लेपनांचे दुकान काढले होते, आणि रॉडिक पतिपत्नी त्याच वर्षी त्या बाजूस होती. १९८७ साली अमेरिकेत दुकाने काढण्यापूर्वी रॉडिकबाईंच्या मंडळीने या दोघींकडून नावाचा हक्क ३५ लक्ष डॉलरना घेतला आणि बर्कलीच्या दुकानाने 'बॉडी टाइम' हे नाव धारण केले.

मग ब्रायटनच्या दुकानाचे श्रेय कोणाचे? माझे मत असे की ओलीच्या भिंती, उसन्या बाटल्या, प्रवासात पाहिलेले कोकोचे लोणी, हे सर्व खरे होते. आणि बर्कलीही खरे होते. परंतु दुकानात प्रत्येक बाटलीची गोष्ट सांगण्याची प्रथा पाडणाऱ्या बाईंनी ही एक गोष्ट मात्र सांगावयाची ठेवली. मोठेपणी सांगितली असती तर त्यांचे काहीच कमी झाले नसते. दोघी बर्कलीकर स्त्रियांना पैसे मिळाले. नाव मिळावयास हवे होते तितके मिळाले नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांच्या बाबतीतही शब्दांचा कस लागला. आमचा माल प्राण्यांवर तपासलेला नाही, असे प्रथम लिहिले जाई. पण अमुक एक द्रव्य पूर्वी कधीतरी, कोणीतरी, कोठेतरी तपासलेले असणारच; तेव्हा ते वाक्य काटेकोर धरता येईना. म्हणून चिठ्ठीवरचे शब्द बदलून, आम्ही अशा प्रयोगांच्या विरुद्ध आहोत, असे केले. पहिले वाक्य वस्तूविषयी होते, दुसरे मताविषयी. हा फेर लहान दिसतो, पण प्रामाणिक आहे. १९९६ साली चाळीस लक्ष सह्यांचा अर्ज युरोपीय आयोगापुढे ठेवण्यात आला. १९९८ साली ब्रिटनमध्ये प्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करणे बंद झाले. आणि २०१३ साली युरोपीय संघाने अशा मालाच्या विक्रीवरही पूर्ण बंदी घातली. हे सारे एका दुकानाने केले असे नव्हे. अनेक संस्थांचा त्यात हात होता. पण बाजारपेठेच्या बाजूने बोलणारा पहिला मोठा आवाज या दुकानाचा होता.

शेवटची हकीकत थोडक्यात सांगतो. २००२ साली बाई कारभारातून बाजूस झाल्या. २००६ च्या मार्चमध्ये 'लॉरेआल' या फ्रेंच मंडळीने हे सारे दुकान ६५ कोटी २० लक्ष पौंडांस विकत घेतले. स्त्रियांना खोटी आशा विकणारे म्हणून ज्या मोठ्या कारखानदारांवर बाईंनी जन्मभर कोरडे ओढले, त्यांच्यातीलच हा एक. जुनी गिऱ्हाइके संतापली, काहींनी दुकानावर बहिष्कार टाकण्याची हाक दिली. बाईंचे उत्तर असे की, शत्रूच्या गोटात लाकडी घोड्यातून शिरावे तशा आपण आत शिरत आहोत. आतून बदल घडवू. या उत्तराने माझे तरी समाधान होत नाही. घोड्यातून शिरणारे आपले शहर आधी विकून शिरत नाहीत. पुढे २०१७ साली दुकान ब्राझीलमधील 'नातुरा' मंडळीकडे गेले, तेथून आणखी एका खरेदीदाराकडे. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधील धंदा दिवाळ्याच्या उंबरठ्यावर येऊन प्रशासकांच्या हाती गेला, बरीच दुकाने मिटली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नव्या मालकांनी तो घेतला.

यांतले काही पाहावयास बाई राहिल्या नाहीत. १९७१ साली धाकट्या मुलीच्या जन्माच्या वेळी त्यांना रक्त चढविण्यात आले होते. त्या रक्तातून यकृताचा रोग अंगात शिरला आणि तेहतीस वर्षे कळला नाही. २००७ च्या आरंभी त्यांनी तो जाहीर केला, आणि लाज न बाळगता त्या रोगाविषयी लोकांना माहिती देत हिंडू लागल्या. त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी, ज्या चिचेस्टरला त्यांनी दुसरे दुकान काढले होते तेथीलच रुग्णालयात, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. मृत्युपत्र उघडले तेव्हा आढळले की सुमारे पाच कोटी पौंडांची सारी संपत्ती त्यांनी धर्मादायाकडे वळविलेली होती. मुलींसाठी काही ठेवले नव्हते, आणि ते त्यांनी दोघींना हयातीतच सांगून ठेवले होते.